टोन कर्व्ह: चढ कुठे द्यायचा, सपाटी कुठे घ्यायची

सावंतवाडीहून आंबोलीला निघालं, की दाणोली मागे पडते आणि घाट लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. पायथा ठरलेला, माथाही ठरलेला. मधला एखादा टप्पा ऐसपैस सपाट केला, तर तेवढा चढ पुढच्या वळणावर खडा होणार, त्याला इलाज नाही. फोटो सुधारायच्या ॲपमधला टोन कर्व्ह हा असाच रस्ता आहे. एका टोकाला फोटोतला काळा, दुसऱ्या टोकाला पांढरा, आणि मधे ठरावीक उंची चढायची आहे. चढ कुठे जास्त द्यायचा आणि त्यासाठी सपाटी कुठे सोसायची, एवढंच कर्व्ह ठरवतो. हे ध्यानात आलं नाही, तर कुणाचा तरी तयार एस-कर्व्ह (इंग्रजी S सारखी वळलेली रेघ) लावल्यावर एक फोटो खुलतो, दुसरा मरतो, आणि असं का झालं ते कळत नाही.

कर्व्ह उघडला की एक चौकोन दिसतो. त्यात डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ. आडवी बाजू म्हणजे फोटोत आत्ता असलेला उजेड: डावीकडे ० म्हणजे पूर्ण काळं, उजवीकडे २५५ म्हणजे पूर्ण पांढरं. उभी बाजू म्हणजे बदलानंतर मिळणारा उजेड, तोही ० ते २५५. रेघ सरळ आहे तोवर १०० चे १०० च राहतात. रेघेवर १०० पाशी पॉइंट धरून तो १३० पर्यंत उचलला, तर फोटोत जिथे जिथे १०० होतं तिथे तिथे १३० येतं, आणि शेजारचे टोनही (उजेडाच्या पायऱ्याही) त्याच्या मागोमाग थोडे थोडे उजळतात.

रेघेची उंची पाहिली की उजेड किती ते कळतं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, मात्र उंचीत नसतो, तो चढात असतो. समजा, फोटोत शेजारी शेजारी दोन टोन आहेत, १०० आणि ११०. फरक दहाचा. त्या भागातला चढ दीडपट केला की फरक पंधराचा होतो आणि दोन्ही डोळ्यांना सुटे दिसू लागतात. चढ निम्मा केला की फरक पाचावर येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागतात. रेघ पूर्ण आडवी झाली की फरक शून्य, तिथला सगळा तपशील म्हणजे एकसारखा डाग. आणि रेघ उजवीकडे जाताना खाली वळली, तर उजळ वस्तू गडद आणि गडद वस्तू उजळ होते, फोटोचा तेवढा भाग निगेटिव्हसारखा दिसतो. सुरुवातीला पॉइंट जास्त ओढला गेल्यामुळे हे नेहमी होतं. तो पॉइंट चौकोनाबाहेर ओढून टाकला की पुसला जातो.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्टच्या पट्ट्याही आतून हेच करतात, फक्त कर्व्हचा आकार ॲपने आधीच ठरवलेला असतो. लेव्हल्स नावाचं साधन म्हणजे तीनच पॉइंटांचा कर्व्ह: काळा, मधला, पांढरा. घाईत तेवढंही पुरतं. पण फोटोतल्या एका विशिष्ट टोनला हात घालायचा असेल तर कर्व्हला पर्याय नाही.

एस आकार प्रसिद्ध झाला त्यामागे कारण आहे. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी १८९० मध्ये फोटोच्या काचेवर किती प्रकाश पडला की ती किती काळी होते हे मोजून आलेख प्रसिद्ध केला. तो खाली हळू, मधे ताठ आणि वर पुन्हा हळू असा एससारखाच निघाला. डिजिटल सेन्सर तसा वागत नाही. दुप्पट प्रकाश पडला तर तो दुप्पट आकडा नोंदवतो, म्हणून फाईल उघडताना कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर स्वतःच एक कर्व्ह लावून ती डोळ्यांना पटेल अशी करतं. तुमच्या हातात येणाऱ्या जेपेगवर (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फोटो फाईलवर) एक एस आधीच बसलेला असतो. त्यावर आणखी एक जोरकस एस लावला की सावल्या बुजतात आणि फेस, ढग, पांढरी साडी कोरी होते.

विषय कुठल्या टोनमध्ये बसलाय?

कर्व्हला हात लावण्याआधी हा एकच प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नाही. चौकोनाच्या मागे राखाडी डोंगर दिसतात, तो हिस्टोग्राम. जिथे डोंगर उंच तिथल्या टोनचे पिक्सेल जास्त. पण सगळ्यात उंच डोंगर विषयाचाच असेल असं नाही, बऱ्याचदा तो आभाळाचा असतो. म्हणून फोटोशॉपमध्ये कर्व्हच्या खिडकीतला हाताचा आयकॉन निवडून फोटोतल्या विषयावरून फिरवा, तो टोन रेघेवर नेमका कुठे आहे ते लहान गोल दाखवतो. तिथेच दाबून वर-खाली ओढलं तर पॉइंटही तिथेच तयार होतो. लाइटरूममध्येही अशीच सोय आहे. गिंपमध्ये कर्व्ह उघडा असताना फोटोवर क्लिक केलं की आलेखात उभी रेघ येते. स्नॅपसीडमध्ये ही सोय नाही. तिथे रेघेवर एक पॉइंट ठेवून तो थोडा हलवायचा आणि विषयाचा उजेड बदलतोय का ते बघायचं. बदलला नाही, तर पॉइंट डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा.

आता कोकणातल्या पावसाळ्यातला नेहमीचा फोटो घ्या. मळभ, धुकं, लावणी चाललेली, पलीकडे डोंगराची पुसट कड. डोळ्यांना हे दृश्य भरलेलं वाटलं होतं, फोटो मात्र फिका आणि दुधाळ. हिस्टोग्राम बघितला तर सगळे डोंगर मधे दाटलेले, समजा ८० पासून २०० पर्यंत. त्याच्या अलीकडे-पलीकडे काहीच नाही. हा कर्व्हच्या दृष्टीने सगळ्यात सोपा फोटो, कारण चढ फुकट मिळतो. ८० चा पॉइंट ४५ वर उतरवा, २०० चा २२५ वर चढवा. मधल्या १२० पायऱ्या आता १८० पायऱ्यांवर पसरल्या, म्हणजे चढ दीडपट. दोन्ही टोकांना चढ निम्म्यावर आला, पण तिथे कोणी राहतच नाही, त्यामुळे नुकसान शून्य.

इथे हात आवरायला हवा. बरेच जण ८० ला थेट ० वर आणून बसवतात, डोंगर टोकापर्यंत ताणले की फोटो ‘पूर्ण’ झाला असं मानून. धुक्यातल्या झाडाचं खोड कधीच कुळकुळीत काळं नसतं. मधली हवा उजळ असते, तीच तर धुकं दाखवते. काळ्याला शून्यावर नेलं की धुकं जातं आणि उरतो तो नुसता ढगाळ दिवस. ४० ते ५० च्या आसपास थांबलेलं बरं. उलट, कोरड्या स्वच्छ हवेतल्या, काळ्या कातळाच्या जंजिऱ्याच्या तटासारख्या विषयाला खरा काळा लागतोच. तिथे डावं टोक वर उचलून आणलेला तो ‘मॅट’ लूक तटाचं वजन काढून घेतो. तो सध्या फार चालतो, पण दगडाच्या फोटोला तो शोभत नाही.

कातळशिल्पं: चढाची खरी परीक्षा

रत्नागिरी, राजापूर भागातल्या सड्यांवरची (उघड्या कातळाच्या पठारांवरची) कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली आणि तेव्हापासून उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथे फोटो काढणाऱ्यांची संख्या वाढली आहे. जवळजवळ सगळ्यांची अडचण एकच: समोर कोरलेला हत्ती स्पष्ट दिसतो, फोटोत मात्र नुसता जांभा. कारण खोदलेली रेषा आणि बाजूचा कातळ एकाच दगडाचे. दुपारच्या उभ्या उन्हात दोघांत पाच-दहा पायऱ्यांचाच फरक असतो.

समजा, कातळ आणि चर मिळून सगळा तपशील ९५ ते १४० या पट्ट्यात आहे. ९५ चा पॉइंट ६० वर आणि १४० चा १९० वर नेला तर ४५ पायऱ्यांच्या जागी १३० होतात, चढ जवळजवळ तिप्पट. चर एकदम उठून येतो. ही उंची आली कुठून? ० ते ९५ आणि १४० ते २५५ या दोन्ही भागांतला चढ ०.६ च्या आसपास उतरला. कडेचं गवत चिखलासारखं दिसेल, आभाळ चौकटीत असलं तर ते पांढुरकं पडेल. नोंदीसाठी काढलेल्या फोटोत हे चालतं, कारण विषय एकच आहे. भिंतीवर लावायच्या फोटोत नाही चालत.

दुसरी किंमत बारकाईने बघितल्याशिवाय दिसत नाही. कर्व्हला तपशील आणि नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) यांतला फरक कळत नाही. चढ तिप्पट म्हणजे दाणेही तिप्पट. म्हणून असा फोटो काढतानाच आयएसओ (प्रकाशाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० ठेवायचा आणि रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाईलमध्ये) काढायचा. जेपेग ८ बिटांचं, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. त्यातल्या ९५ ते १४० मध्ये पायऱ्या ४६, आणि त्या पसरायच्या १३१ जागांवर. मधल्या जागा रिकाम्याच राहणार. हिस्टोग्राम तुटक्या फणीसारखा दिसायला लागला की हेच झालेलं असतं. दगडाच्या खडबडीत पोतात ते लपून जातं, पण संध्याकाळच्या गुळगुळीत आभाळावर तोच प्रकार सरळ पट्टे होऊन समोर येतो. १४ बिटांच्या रॉमध्ये पायऱ्या १६,३८४, म्हणून तिथे ताणायला जागा असते. फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये फाईल १६ बिटांत ठेवूनच कर्व्ह लावा. मात्र ८ बिटांचं जेपेग नंतर १६ मध्ये बदललं म्हणून हरवलेल्या पायऱ्या परत येत नाहीत. पुढचं नुकसान तेवढं थांबतं.

आणि इतकं करूनही सकाळी सातचं किंवा संध्याकाळी पाचचं तिरपं ऊन जे देतं ते कर्व्ह देऊ शकत नाही. तिरप्या उन्हात चराच्या एका काठाची सावली आत पडते आणि फरक मुळातच मोठा होतो. चर उठून दिसावा म्हणून त्यात खडू किंवा रंग भरणं तर कदापि नको. हजारो वर्षांपूर्वीचं खोदकाम आहे ते.

उलट्या उजेडातली रापण

कोकणचा समुद्र पश्चिमेला. त्यामुळे संध्याकाळी किनाऱ्यावरून काढलेला जवळजवळ प्रत्येक फोटो उजेडाकडे तोंड करूनच असतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारी माणसं ३० ते ५० मध्ये, पाण्याची चकाकी १८० च्या पुढे. इथे आधी मनाशी ठरवा: चेहरे हवेत की ताणलेला दोर आणि वाकलेल्या पाठी हव्यात?

चेहरे हवे असतील तर ४० चा पॉइंट ६५ वर उचला. नुसतं एवढंच केलं तर अख्खी रेघ धनुष्यासारखी वर येते आणि पाणीही उजळून फिकं पडतं. म्हणून १९० जवळ दुसरा पॉइंट ठेवून तो १९५ वर बांधून टाका. त्याच्या पुढे रेघ जवळजवळ मूळ जागीच राहते. आता ० ते ४० मधला चढ १.६ झाला आणि मधला ०.८७ वर आला. ओली वाळू किंचित सपाट वाटेल, ते सोसायचं. ६५ ऐवजी ९० पर्यंत ओढायचा मोह होतो. तिथे गेलं की सावल्यांमधले रंगीत दाणे वर येतात, मोबाइलच्या जेपेगमध्ये चौकोनी ठोकळे दिसायला लागतात, आणि माणसांच्या कडांना राखाडी कळा येते.

आकृत्याच हव्या असतील तर उलट करा: ५० चा पॉइंट २५ वर दाबा आणि मिळालेला चढ पाण्याला द्या. आमच्या मते रापणीचे फोटो बहुतेक वेळा असेच जास्त बोलतात, कारण तिथली गोष्ट अंगाच्या ताणात असते.

चकाकीचा भाग जर २५५ ला अडकलेला असेल, तर तिथे कर्व्हचं काही चालत नाही. उजवं टोक खाली ओढून २५५ चे २३० केले, तर कोऱ्या पांढऱ्याचा कोरा राखाडी होतो, लाट काही परत येत नाही. लाटांचा फेस आणि तारकर्लीची पांढरी वाळू दुपारी सहज क्लिप होते (२५५ ला अडकते), म्हणून काढतानाच उजेड अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). रॉ असेल तर आधी एक्सपोजर आणि हायलाइटच्या पट्ट्या वापरून जे हाती लागेल ते मिळवा, व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगीत झाक काढणारी सेटिंग) बसवा, आणि मगच कर्व्हकडे या.

रंग का भडकतात

जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) पावसात भिजला की सुंदर विटकरी दिसतो. त्यावर एस-कर्व्ह लावला की तो नारिंगी पेटतो. आकड्यांत बघू. गडग्याचा एक पिक्सेल: लाल १७०, हिरवा ९५, निळा ७०. साधारण एस: ६४ चे ४८, १२८ तसाच, १९२ चे २०८. कर्व्ह तिन्ही रंगांना वेगवेगळा लागतो. लाल मधल्या रेषेच्या वर आहे म्हणून वाढून १८० च्या आसपास जातो. हिरवा आणि निळा खाली आहेत म्हणून ते उतरून ८७ आणि ५६ च्या जवळ येतात. लाल-निळ्यातलं अंतर १०० होतं, ते १२५ च्या घरात गेलं. आपण मागितला कॉन्ट्रास्ट, रंगाचा भडकपणा त्याच्यासोबत न मागता आला. सूर्यास्तात हेच जास्त बोचतं. तिथे लाल आधीच २५५ ला टेकलेला असतो, तो पुढे जाऊ शकत नाही, बाकीचे दोन हलतात आणि सूर्याभोवती पिवळं कडं तयार होतं.

उपाय सोपा आहे. फोटोशॉपमध्ये कर्व्ह ॲडजस्टमेंट लेयर (फोटोवरचा वेगळा थर) म्हणून लावा आणि त्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी करा. स्नॅपसीडच्या कर्व्हमध्ये आरजीबीऐवजी ल्युमिनन्स निवडा. मग फक्त उजेड बदलतो. पण हे प्रत्येक वेळी करू नका. मळभातल्या भातशेतीला तो फुकटचा रंग हवाच असतो. तिथे ल्युमिनन्स निवडला तर हिरवा मळकट राहतो.

लाल, हिरवा, निळा यांचे वेगळे कर्व्ह रंगाची झाक काढायला कामी येतात. गणपतीच्या फोटोत पिवळ्या बल्बमुळे मूर्ती आणि वरची माटवी (टांगलेली फळापानांची सजावट) सगळंच हळदीसारखं झालं असेल तर निळ्याचा मधला पॉइंट १२८ वरून १३८ पर्यंत उचला. निळ्याच्या विरुद्ध पिवळा, लालच्या विरुद्ध निळसर-हिरवा, हिरव्याच्या विरुद्ध मजेंटा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दशावताराच्या मंचावरची हिरवट ट्यूबलाइट असेल तर हिरवा १२८ वरून १२२ वर आणा. इथे पाच-दहा पायऱ्यांच्या पुढे जायची वेळ आली, तर चूक व्हाइट बॅलन्समध्ये आहे, आधी ती दुरुस्त करा.

आणखी काही गोष्टी बिघडतात. एकाच रेघेवर सात-आठ पॉइंट ठोकले की ती लाटेसारखी वर-खाली होते आणि चेहऱ्यावर, आभाळावर विचित्र डाग दिसतात. तीन, फार तर चार पॉइंट पुरतात. फोटोशॉपमध्ये कृष्णधवल फाईल उघडली की आलेख कधी कधी उलटा असतो, काळा उजवीकडे, कारण तिथे मोजमाप प्रकाशाऐवजी शाईत चालू असतं. पर्यायांत जाऊन प्रकाश निवडला की सरळ होतो. कंट्रोल आणि एम दाबून उघडणारा कर्व्ह थेट फोटोवरच बसतो, फाईल सेव्ह करून बंद केल्यावर तो मागे घेता येत नाही, म्हणून लेयरच वापरा.

कर्व्हची एक मर्यादा मात्र कितीही सराव केला तरी राहते. त्याला टोन कळतो, जागा कळत नाही. आभाळ १९० आणि पुढ्यातली ओली वाळूही १९०, तर दोघांना एकच वागणूक मिळणार. पडवीतून काढलेल्या फोटोत बाहेरचं उन्हातलं खळं आणि आत टांगलेलं पांढरं धोतर, दोन्ही एकत्रच हलतील. वेगळं वागवायचं असेल तर दोन कर्व्ह लेयर आणि दोन मास्क (लेयर कुठे लागू व्हावा ते ठरवणारे पडदे) लागतात. मास्कची कड चाळीस-पन्नास पिक्सेल मऊ ठेवा, नाहीतर दाराच्या चौकटीभोवती उजळ पट्टा उमटतो.

काम मोबाइलवर करत असाल तर ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड दोन्ही बंद करा आणि सावलीत बसा. उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेल्या स्क्रीनवर बसवलेला कर्व्ह घरात बघितला की हमखास वेगळा वाटतो. झाल्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून बघा, मग दहा मिनिटं स्क्रीनवरून नजर काढा आणि परत या. डोळा कॉन्ट्रास्टला फार लवकर सरावतो. बहुतेक वेळा परत आल्यावर कर्व्ह जास्त झालेला दिसतो. तेव्हा पॉइंट हलवत बसू नका, लेयरची ओपॅसिटी (लेयरचा जोर) ७० टक्क्यांवर आणा.